वावरात मोजलेला घोटा
मागच्या नोव्हेंबरात मी एका शेतमजूर बाईंच्या कागदावर ‘उपचारांनी सुधारणा’ असे लिहिले आणि तीनच आठवड्यांनी त्या सुजलेला घोटा घेऊन पुन्हा समोर बसल्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या रुग्णालयात त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा पाय मुरगळून दीड वर्ष उलटले होते. तोवर त्यांना ठिकठिकाणी क्रेप बँडेज आणि दुखण्याची गोळी मिळाली होती, पण कोणीही त्यांना एका पायावर उभे करून पाहिले नव्हते, याचा मला अजूनही राग येतो. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध (हाडांना जोडणारा पट्टा) फाटला की सांधा नुसता सैल होत नाही; पाय कलतो आहे ही खबर उशिरा पोचते आणि पाय सावरणारे पेरोनिअल स्नायू वेळेवर आवळत नाहीत.

आठ आठवडे थेराबँड म्हणजे ताणायची रबरी पट्टी, टाचा उचलणे आणि फोमवरचा तोल असा व्यायाम झाला. मोजमापात मी हयगय करत नाही. फरशीवर तीन दिशांना पट्ट्या चिकटवून, हात कमरेवर, उभ्या पायाची टाच न उचलता दुसरा पाय किती लांब पोचतो ते पाहायचे आणि त्या अंतराला कमरेपासून घोट्यापर्यंतच्या पायाच्या लांबीने भागायचे. आधी चार वेळा सराव देते, कारण पहिल्या फेऱ्यांत अंतर केवळ सवयीने वाढते आणि ती वाढ उपचारांच्या खात्यात जमा होते. दोन्ही पायांतला पुढच्या दिशेचा फरक आठ सेंटीमीटरवरून दोनवर आला होता. घोटा किती स्थिर वाटतो हे विचारणाऱ्या कंबरलँड प्रश्नावलीत ३० पैकी २४ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे अस्थिर घोटा. त्यांचे गुण १४ वरून २६ झाले होते. त्यात जिना उतरतानाचा एक प्रश्न आहे. तो विचारला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “कोणता जिना, मॅडम? आमचं घर तं एकाच खोलीचं हाये.” मी ‘कधीच त्रास नाही’ यावर खूण करून पूर्ण गुण दिले. ती चूक माझी.

सूज उतरल्यावर मी त्यांच्यासोबत वावरात गेले. पाऊस थांबून काळी माती भेगाळली होती. पऱ्हाटीच्या दोन ओळींमधून त्या चालत होत्या. कमरेची ओटी कापसाने भरून पुढे ओढत होती, बाहेरच्या कडेला झिजलेली चप्पल भेगेच्या काठावर पडत होती आणि नजर सतत बोंडांवर होती. रुग्णालयात प्रत्येक चाचणीत त्या स्वतःच्या पायाकडे पाहत होत्या, हे तिथे उभी असताना माझ्या लक्षात आले. फरशीवर तीस सेकंद टिकणारा डावा पाय, ओटी भरलेली आणि नजर बोंडावर ठेवल्यावर, सातव्या सेकंदाला डगमगला.

आता मी व्यायामात भरलेली ओटी आणि समोरची नजर आणली आहे, पण हे माप मी उपचारांआधी घेतलेच नव्हते, त्यामुळे त्याची तुलना कशाशी करणार? वेचणीची मजुरी किलोवर मिळते. हंगामात आठ आठवडे थांबा, असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे, हेही मला कळत नाही. सध्या घोट्याला आधाराची चिकटपट्टी (टेप) लावून त्या निम्मीच ओटी भरतात. आमच्या नोंदवहीत सुधारणेच्या रकान्यात ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहिता येते. त्यांच्या नावापुढचा तो रकाना मी अजून भरलेला नाही.