हॉली नाही, हळदू आहे: कांड्यांच्या कामाची नोंद

मागच्या नोंदीत जादूच्या तीन लाकडी कांड्या होत्या, त्यांतल्या दोन वाकड्या. आता सात झाल्यात, दोन फुटल्या आणि एक मी मुद्दाम केली नाही. त्या न केलेल्या कांडीबद्दल पुढे सांगतो.

नवीन मंडळींसाठी एवढंच, की मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातला. धानाची शेती आहे. रोवणी आणि कापणी सोडून जो वेळ उरतो त्यात हॅरी पॉटरच्या जगातल्यासारख्या कांड्या कोरतो. हत्यारं म्हणजे एक करवत, दोन पटाश्या, कानस, गिरमिट आणि गावातल्या सुतारकाकांचा रंधा, तोही त्यांच्या मूडवर.

माझी पहिली चूक आधी कबूल करतो, कारण ती तुमच्यातले बरेच जण करत असतील. मी एक तक्ता केला होता. डावीकडे पुस्तकातली लाकडं: हॅरीची हॉली, अकरा इंच, व्होल्डेमॉर्टची यू, साडेतेरा, हर्मायनीची द्राक्षवेल, ड्रेकोचा हॉथॉर्न, हॅग्रिडचा ओक, तब्बल सोळा इंच. द्राक्षवेल सोडली तर यातलं एकही झाड मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. उजवीकडे मी आपली झाडं बसवत गेलो. हॉथॉर्नला काटे, म्हणून बोर. ओक दणकट, म्हणून साग. यूपाशी येऊन दोन महिने अडकलो.

मग लक्षात आलं की झाडाला झाड लावून हे जुळणारच नाही. यू भीतीदायक वाटते ती तिच्या लाकडामुळे नव्हे. ती इंग्लंडच्या चर्चच्या दफनभूमीत शेकडो वर्षं उभी असते, विषारी असते, आणि जुन्या लढायांतली लांब धनुष्यं तिचीच असत. एल्डरबद्दल तिकडे खेड्यापाड्यांत वाईट समजुती आहेत, त्यामुळे सगळ्यात घातक कांडी एल्डरची असणं तिथल्या वाचकाला लगेच पटतं. रोवान वाईटापासून राखते अशी समजूत. म्हणजे लेखिकेने आपल्याच कुंपणावरची, आपल्याच दफनभूमीतली झाडं उचलली, त्यांच्याबद्दल आज्या जे बोलत ते उचललं आणि त्याला नियम लावले. आपणही तेच करायचं. यूच्या जागी कोणतं झाड बसतं हे शोधत बसण्यापेक्षा आपल्या गावात रात्री कोणत्या झाडाखालून जायला माणूस कचरतो ते विचारायचं. उत्तर लगेच मिळतं: चिंच. लाकूडही कडक, जड, गाभ्याला काळपट जांभळं. तक्ता चुलीत गेला.

एक दुसरा तक्ता मात्र हाताशी आला होता, तोही सांगून टाकतो. माणसाप्रमाणे लाकूड हा नियम आपल्याकडे जुनाच आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात मुंजीच्या दंडाचं लाकूड ठरवून दिलंय: ब्राह्मणाला बेल किंवा पळस, क्षत्रियाला वड किंवा खैर, वैश्याला पीलू किंवा उंबर. दंडाची उंचीसुद्धा वर्णाप्रमाणे, कुणाची केसांपर्यंत तर कुणाची नाकापर्यंत. चौथ्याला दंडच नाही. एका मित्राने उत्साहाने सुचवलं की हे घे, आयतं आहे. पण ज्या गोष्टीत कांडी माणसाचं कूळ न बघता स्वभाव बघून त्याला निवडते, आणि शुद्ध रक्ताच्या गप्पा मारणारे सगळे खलनायक असतात, तिच्यात हा तक्ता घुसवायचा म्हणजे व्होल्डेमॉर्टला दुकान चालवायला देण्यासारखं आहे. नाही घेतला.

आता लाकडांकडे.

हळदू. आमच्याकडे कोणी हेदूही म्हणतं. नुकतं चिरलेलं लाकूड खरंच हळदीसारखं पिवळं, रेघ बारीक आणि सारखी. पूर्वी याच्या फण्या करत, आणि पटाशी लावली की का ते कळतं. कुठेच अडकत नाही, कुठेच उपसत नाही. माझी अकरा इंची हळदूची आहे. मूठ वीस मिलिमीटर, टोक सात. नवशिक्यांनी इथून सुरुवात करा. सागापासून करू नका. साग सोपा वाटतो, पण हत्याराची धार लवकर खातो, आणि सागाची कांडी शेवटी खाटेच्या गजासारखीच दिसते.

धावडा. याच्यासाठी सुतारकाकांकडे गेलो तेव्हा ते कुऱ्हाडीला दांडा बसवत होते. धावडाच का, विचारलं. म्हणाले, "हात मोडते, पन धावड्याचा दांडा नाही मोडत. कायले पाह्यजे तुले?" कांडीसाठी म्हटलं, तर हसले, आणि मग माझी मूठ मागितली. माझ्या मुठीवर सुतळी गुंडाळून माप घेतलं, जसं ते दांड्याचं घेतात. पुस्तकातला कांड्या विकणारा ऑलिव्हँडर मोजपट्टी घेऊन हॅरीचं माप घेतो तो प्रसंग मला नागभीड तालुक्यात एका मांडवाखाली भेटला.

पण एक फरक डोक्यात घोळतोय. पुस्तकात दुसऱ्याची कांडी नीट चालत नाही. हॅरीचा मित्र रॉन, त्याची पहिली कांडी त्याच्या भावाची, अॅशच्या लाकडाची. आणि ऑलिव्हँडरच्या टिपणांत तर लिहिलंय की अॅशची कांडी एका मालकाला चिकटते, ती दुसऱ्याला देऊ नये. आमच्याकडे उलट. आजोबांच्या कुऱ्हाडीचा दांडा घासून घासून इतका गुळगुळीत झालाय की घरात नवी कुऱ्हाड असताना सगळे तीच उचलतात. सुतारकाकांचं म्हणणं, नवा दांडा पहिलं वर्षभर भांडतो. तेव्हा आमच्या जगाचा नियम असा: धावड्याची कांडी पहिल्या मालकाला त्रास देते, दुसऱ्याला साथ देते, तिसऱ्याला शिकवते. हा नियम माझा आहे. वापरायचा तर वापरा.

बिजा. या नोंदीचं खरं कारण हे लाकूड. सुतारकाकांकडे जुन्या दाराच्या चौकटीचा तुकडा होता, लालसर तपकिरी, त्याच्या ढलप्या खाली पडल्या होत्या. साखरेची बिमारी असलेले लोक बिजाच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवून सकाळी पितात, हे तुम्हाला माहीत असेल. औषधाचं मी बोलत नाही, तो माझा विषय नाही. मी मूठभर ढलप्या काचेच्या ग्लासात टाकल्या आणि विसरून गेलो. सकाळी पाणी चहासारखं पिवळट झालं होतं. ग्लास उचलून उन्हात धरला, आणि ज्या बाजूने ऊन पडत होतं तिथे पाण्यावर निळी झाक उठली. रॉकेलवर दिसते तशी नाही, आतूनच निळी. सावलीत नेलं, गेली. पुन्हा उन्हात, पुन्हा निळी. लाकडातली द्रव्यं पाण्यात उतरतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी चमकतात, एवढंच आहे ते. पण मी चड्डी-बनियनवर अंगणात पंधरा मिनिटं ग्लास आत-बाहेर करत होतो आणि आई दारातून बघत होती.

बिजाची कांडी साडेबारा इंच. घडवायला हळदूपेक्षा त्रासदायक, रेघ अडलेली असते, एका दिशेने तासलं की दुसरीकडे उपसतं. शेवटचा हात कानसेनेच फिरवा. कपड्याला डाग पडतो, तो जात नाही.

पळस. "पळसाला पाने तीनच" म्हणतात, माझ्या पळसाच्या कांडीचेही तीनच तुकडे झाले. लाकूड हलकं, मऊ, सुकताना पिळवटतं. पाण्याखाली मात्र टिकतं, म्हणून पूर्वी विहिरीच्या कामाला वापरत. माझ्या कांडीला विहीर कुठून आणू? पण गंमत पुढे आहे. बाकीच्या सगळ्या कांड्यांना मी जो हात दिला तो चपड्याचा, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. आणि लाखेचा किडा पोसला जातो पळसावर, कुसुमावर, बोरीवर. पळसाची एकही कांडी नाही, आणि पळस सगळ्या कांड्यांवर आहे.

चपड्याबद्दल: पातळ करा, पाच-सहा हात द्या, मध्ये झिजलेला पॉलिश पेपर फिरवा. पावसाळ्यात देऊ नका, पांढरट धुकं धरतं. ज्यांना चमक नको त्यांनी घाणीचं जवसाचं तेल लावावं, पण ते वाळायला आठवडे घेतं. आणि तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळा आपोआप पेटू शकतो. पसरून दोरीवर वाळवा.

फुटलेली दुसरी बाभळीची. चूक माझी, ओली फांदी, मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर, आणि मी ती पत्र्याखाली ठेवली. दुपारी सुपारी फोडल्यासारखा आवाज आला. आता दोन्ही टोकांना मेण लावून, गोणपाटात गुंडाळून, धानाच्या तणसात ठेवतो. दिवाळीआधी हात लावणार नाही.

पुस्तकात कांडीच्या आत पीस किंवा केसासारखं काही असतं, त्या गाभ्याचं काय, असं तिघांनी विचारलं होतं. अठ्ठावीस सेंटिमीटर सरळ भोक गिरमिटाने पडत नाही, नाद सोडा. मी कांडी उभी चिरतो, आत नाळी पाडतो, गाभा ठेवून पुन्हा चिकटवतो. फिनिक्सचं पीस आमच्याकडे मिळत नाही. आमच्या बैलाच्या शेपटीचे केस आणि अंबाडीचा वाख वळून घालतो. एल्डरच्या फांदीत मऊ भेंड असतो, काडीने ढकलला की नळी तयार. ती कांडी सगळ्यात बलवान का ठरली याचं हे कारण पुस्तकात नाही, पण घडवणारा म्हणून मला तेच पटतं. आपल्याकडे ही सोय बांबूत आहे. बांबूचा इतिहास कोणत्याही मंत्रापेक्षा भारी: कायद्याने तो झाड होता, २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू झाड राहिला नाही. आणि गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचे वाहतूक पास स्वतःच्या हातात घेतले. बांबूची कांडी कुणा एका माणसाला निवडणार नाही, ती गावाला निवडेल. अजून केलेली नाही, पण तिची मूठ पेरापाशीच ठेवायची हे ठरलंय.

लाकूड कुठून आणतो, हाही प्रश्न होता. जंगलातून नाही. एक तर वाघ. आमच्याकडे मोहफुलं वेचायलासुद्धा माणसं घोळक्याने जातात. दुसरं म्हणजे साग, ऐन, बिजा, हळदू, तिवस, मोह, चिंच ही १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्यातल्या यादीतली झाडं, स्वतःच्या धुऱ्यावरचं असलं तरी विचारावं लागतं. पुस्तकात कांडीच्या झाडावर बोट्रकल नावाचा काडीसारखा प्राणी राखण करतो आणि त्याला किडे देऊन गप्प बसवता येतं. आपला बोट्रकल खाकीत असतो, किडे घेत नाही. म्हणून सुताराकडचे तुकडे, जुन्या चौकटी, मोडक्या बंडीचे भाग.

तसे झाडातले राहणारे आपल्याकडेही जुने आहेत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीसाठी लाकूड आणायला वनात कसं जायचं यावर अख्खा अध्याय आहे. स्मशानातलं झाड नको, रस्त्यावरचं नको, वारुळाजवळचं नको. आणि तोडण्याआधी झाडाची पूजा करून त्यात राहणाऱ्या भूतांना सांगायचं, की कृपा करून दुसरीकडे बिऱ्हाड हलवा. सहाव्या शतकातली ही नोटीस मला बोट्रकलच्या किड्यांपेक्षा सभ्य वाटते.

आता न केलेली कांडी. ऐनाचा छान तुकडा मिळाला होता, गडद रेघांचा. ऐन म्हणजे साजा. गोंड परंपरेत बडादेवाचं ठाणं साजात मानतात. शेजारचे आजोबा गोंड आहेत, त्यांना तुकडा दाखवून विचारलं. ते बराच वेळ तो हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "घराले लाव ना. खेळाले कायले?" आमच्या घराची मयाल, म्हणजे तुळई, ऐनाचीच आहे, तिच्याबद्दल कोणी कधी काही म्हटलं नाही. पण मयालीला चालतं आणि खेळण्याला नाही, हा फरक मला पटला. तो तुकडा आता देव्हाऱ्याखाली फळी म्हणून बसलाय.

त्याच ओघात एक गोष्ट, विशेषतः खेड्यातल्यांसाठी. आपल्या भागात जादूटोण्याचा संशय ही गंमत नाही, माणसं त्यात मेलीत, २०१३ चा कायदा उगाच नाही झाला. मी सुरुवातीला रात्री खोलीत दार लावून कोरायचो. केस, दोरा, काड्या, रात्रीचा दिवा. आईच्या कानावर कुजबुज आली तेव्हा मला अक्कल आली. तेव्हापासून सगळं काम ओट्यावर, दिवसा. पोरं येतात, काचकागद घासून देतात, वाकड्या कांड्या घेऊन जातात. तान्ह्या पोळ्याला दोघांनी लाकडी बैलाला झडती, म्हणजे पोळ्याचं गाणं, म्हणता म्हणता कांडीने हाकललं, तेव्हापासून कुजबुज बंद आहे. सुतारकाकांना मात्र बैलाचं काम सोडून मी काड्यांत वेळ घालवतो हे अजून रुचलेलं नाही.

पुढचं: चिंचेचा तुकडा तणसात आहे. तिवसाचा दांडा एका मोडक्या तिफणीतून मिळतोय, त्याची तेरा इंची होईल. बिजाच्या पाण्याचा फोटो नीट येत नाही, फोनमध्ये निळं करडं दिसतं. मागे काळं कापड धरून सकाळी नऊच्या उन्हात कुणाला जमलं असेल तर कळवा.