मॉडेलचा अर्ज आणि माझं पहिलं फिगर

कला महाविद्यालयाच्या प्रवेशासाठीच्या सीईटीची तयारी कशी केली, हे मुलं अजून विचारतात. ऑब्जेक्ट ड्रॉइंग, मेमरी ड्रॉइंग रोज केलं की ती निघते. खरी अडचण माणूस घडवायला घेतल्यावर येते.

मी शिल्पकला शिकत होतो तिथे आम्ही लाइफ स्टडीला, म्हणजे जिवंत माणूस समोर उभा करून मूर्ती घडवायला, मॉडेल मिळावं म्हणून अर्ज दिला. मानधन खर्चाच्या कुठल्या हेडखाली टाकायचं, हे ऑफिसात कुणी सांगेना. अर्ज वर गेला, 'कोटेशन जोडा' असा शेरा घेऊन खाली आला. तासन्‌तास उभं राहणाऱ्या माणसाचं कोटेशन कोण देणार? पुन्हा लिहून दिला, तर साहेब रजेवर. तोवर फोटोवरून करा म्हणाले. याचा राग मला आजही येतो. फोटोत एकच बाजू दिसते, जवळचा हात मोठा येतो, आणि पाठ तर नसतेच. मूर्ती चारी बाजूंनी मोजावी लागते. एवढ्यात पूर्णाकृतीची घाई कशाला, असंही ऐकवलं गेलं. शिल्पकार गणपतराव म्हात्र्यांनी 'मंदिरपथगामिनी' ही देवळाकडे निघालेल्या स्त्रीची पूर्णाकृती मूर्ती १८९६ च्या सुमारास केली, तेव्हा ते मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात विद्यार्थीच होते!

शेवटी वर्गणी काढली. आमच्या शहराच्या पूर्व भागातले मित्राचे काका, जन्म यंत्रमागावर गेलेला, उभे राहायला तयार झाले. त्यांनी एका पायावर भार दिला आणि त्या बाजूचं कंबरेचं हाड वर गेलं, खांदा खाली आला. गळ्याच्या खळगीपासून ओळंबा (वजन बांधलेली दोरी) सोडला, तो थेट भाराच्या पायाच्या घोट्याशी. फोटो बघून हे मला कधीच कळलं नसतं.

तुम्हीही मंजुरीची वाट बघत बसू नका. मॉडेलचे पैसे त्याच दिवशी हातात द्या. वीसेक मिनिटांनी विश्रांती द्या, त्याआधी पावलांभोवती खडूनं रेघ मारा, म्हणजे माणूस परत त्याच जागी उभा राहतो. आपल्याकडच्या एप्रिलात शाडू बघता बघता तडकतो. रात्री ओलं गोणपाट आणि वर प्लास्टिक हवंच. आणि हो, मातीच्या आतल्या सळईच्या सांगाड्याला लाकडाचे छोटे क्रॉस तारेनं बांधून लटकवा, नाहीतर मातीचा भार खाली सरकतो.

मातीकाम पुरं झालं की त्यावर प्लास्टरचा साचा घेतात, त्याच्या पहिल्या थरात थोडी नीळ घाला. माती काढून साच्यात मूर्ती ओतली की साचा फोडताना निळा थर दिसला की छिन्नी हळू चालवायची, आत मूर्ती आहे.