ताईची? कोणाच्या ताईची?

तीन वर्षांपूर्वी इथे मालवणात व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला, "चिवला बीच, सकाळी साडेसहा, ताई ची क्लास, सैल कपडे घालून या", तर पहिला रिप्लाय हाच. ताईची म्हणजे कोणाच्या ताईची? अहो, ताई ची म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायामप्रकार. आता सगळे "ताईचा क्लास" म्हणतात आणि मी सत्तरीच्या काकीचीसुद्धा ताई झालेय, त्यामुळे नावाचा विषय मी सोडून दिलाय. फक्त एक सांगते, यातला "ची" म्हणजे श्वासाची ऊर्जा वगैरे नाही, ती "ची" चिनी भाषेत वेगळीच, इथे अर्थ आहे परमोच्च टोक असा काहीतरी. पण हे सांगायला लागलं की लोक जांभया देतात.

मी पुण्यात शिकले, चोवीस हालचालींचा फॉर्म, म्हणजे ओळीने करायचा ठरलेला क्रम. चीनच्या क्रीडा आयोगाने १९५६ साली ताई चीच्या यांग शैलीतून तो आटोपशीर करून बसवला, पाच-सहा मिनिटांत होतो. शिकायला मात्र मला दोन वर्षं लागली आणि अजून सरांकडे गेले की चुका निघतातच. वर्षातून दोनदा रात्रीच्या गाडीने पुणं गाठते, सर दहा मिनिटं नुसतं बघतात आणि मग म्हणतात, गुडघा अंगठ्याच्या पुढे जातोय. दरवेळी तोच गुडघा.

आणि तो गुडघा मी बीचवर क्लास घेऊन अजून बिघडवून घेतला. फोटोत छान दिसतं हो, मागे समुद्र, वर नारळ. पण पुळणीत पाऊल रुततं, कंबर वळते, पाऊल तिथेच राहतं आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. पंधरा दिवसांत डावा गुडघा सुजला. मग एका विद्यार्थिनीने स्वतःचं खळं दिलं, शेणाने सारवलेलं, सपाट, यापेक्षा भारी फ्लोअर मी अजून पाहिलेला नाही. पावसाळ्यात त्यांच्याच पडवीत, नऊ जण कसेबसे मावतो, "घोड्याची आयाळ" ही हालचाल करताना कोणाचा ना कोणाचा हात खिडकीच्या गजावर आपटतोच.

सुरुवातीला फी घेत नव्हते तर कोणी नियमित येईना, महिना दोनशे लावले आणि हजेरी सुधारली, ही आपली माणसं! तरी आंबे, शिमगा, गणपती आले की रजिस्टर कोरं. एक काका येतात, त्यांना पार्किन्सन आहे, मुलाने विचारलं याने खरंच फरक पडतो का. मी सांगितलं की अमेरिकेत १९५ पार्किन्सनच्या पेशंटवर अभ्यास झाला, २०१२ साली छापून आला, आठवड्यातून दोनदा, चोवीस आठवडे, आणि ताई ची करणाऱ्यांचा तोल सुधारला, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा तोल जाऊन पडले. पण गोळ्या डॉक्टरच्याच, त्या बंद करायच्या नाहीत, हे दोनदा बजावलं. काका येतात, खुर्ची बाजूला ठेवून करतात.

सगळ्यात मजा येते ती "माकडाला मागे रेटणे" या हालचालीला. एक एक पाऊल मागे टाकत हाताने पुढे ढकलायचं. पहिल्या दिवशीच काकी म्हणाल्या, "अशी ढकलून माकडां जातत काय गो? आमच्या माडाकडे येवन दाखय!" माकडांनी शहाळी संपवलेल्या माणसांपुढे मी काय बोलणार.

पण मागे चालायला लागल्यावर बाकी सगळे डगमगत होते, बँकेतून रिटायर झालेले दादा तर भिंतीला टेकले, आणि काकी निवांत. पाय मागे गेला, चवडा टेकला, जमीन चाचपली, मग टाच, मग हळूच वजन. डोकं खालीवर नाही, खांदे सैल. सर "रिकामा पाय, भरलेला पाय" म्हणून सात वर्षं ओरडत होते ते हेच! विचारलं, कुठे शिकलात? तर त्या माझ्याकडे वेड्यासारख्या बघायला लागल्या.

कळलं ते जूनमध्ये. लावणीला अर्धा क्लास शेतात, म्हणून मीही गेले. चिखलात तरवा, म्हणजे भाताची रोपं, लावत लावत मागे सरकायचं असतं, तळ लागला की नाही ते पायाला कळल्याशिवाय वजन टाकलंत तर गेलात. मी आपली इन्स्ट्रक्टरच्या थाटात साडी खोचून उतरले, सहा-सात पावलं गेले आणि एक पाय असा रुतला की दुसरा काढायला गेले ती बसलेच, सरळ चिखलात. काकी वाकलेल्याच होत्या, वर न बघता म्हणाल्या, "आगो, पाय आदी मोकळो कर, मगे टाक."

बँकेवाले दादा बांधावर उभे होते, व्हिडिओ काढत. तो ग्रुपवर आहे, ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांनी पाहू नये. क्लास आता लावणी उरकल्यावर, वेळ तीच, साडेसहा.