तुम्ही विचारलंत म्हणून: स्पानूलिसचं ह्यूस्टनला काय झालं?

“सर, एवढं स्पानूलिस-स्पानूलिस करता, पण एनबीएतून तर तो एका वर्षात परत आला ना?” ग्राउंडवरची पोरं विचारतात, त्यांचे वडील विचारतात. (स्पानूलिस म्हणजे ग्रीसचा बास्केटबॉलपटू, आणि एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग.) माझ्याबरोबर जिल्ह्याच्या संघातून खेळलेले मित्र तर दर वेळी नवा शोध लागल्यासारखे विचारतात. मीही दर वेळी वेगळंच काहीतरी उत्तर देतो आणि घरी जाताना चरफडतो. एकदाचं लिहून टाकतो. पुढच्या वेळी हेच हातात ठेवेन.

युरोलीगची, म्हणजे युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेची, तीन विजेतेपदं आणि तिन्ही वेळी फायनल फोरमध्ये (शेवटच्या चार संघांच्या फेरीत) सर्वोत्तम खेळाडूचा मान, हे मी तुम्हाला इतक्यांदा ऐकवलंय की आता उगाळत नाही. थेट दुखऱ्या जागेवर येतो.

१ सप्टेंबर २००६. जपानमधलं सैतामा, विश्वस्पर्धेची उपांत्य फेरी. लेब्रॉन, वेड, कार्मेलो हे एनबीएचे तारे असलेल्या अमेरिकेला ग्रीसने १०१-९५ असं हरवलं. वासिलिस स्पानूलिसचे २२ गुण, ग्रीसकडून सर्वाधिक. (दोनच दिवसांनी स्पेनने याच ग्रीसला ७०-४७ असं धुतलं. हे मी सहसा सांगत नाही.) तिथून गडी एनबीएतल्या ह्यूस्टन रॉकेट्सकडे गेला. वय २४. अख्ख्या मोसमात ३१ सामने, सामन्यामागे धड नऊ मिनिटंही नाहीत, सरासरी २.७ गुण. ज्यांना त्याने भर कोर्टात घाम फोडला होता, त्यांच्याच लीगमध्ये तो ट्रॅकसूट घालून बाकावर बसला.

माझं जुनं उत्तर ठरलेलं होतं: सगळी चूक प्रशिक्षक जेफ व्हॅन गंडीची. त्याला युरोपातला गार्ड, म्हणजे बॉल खेळवणारा खेळाडू, कळलाच नाही. या उत्तरात तथ्य नाही असं नाही. स्पानूलिसचा खेळ कसा होता बघा. बॉल त्याच्या हातात. उंच खेळाडू स्क्रीन लावायला, म्हणजे बचावपटूची वाट अडवायला, वर येतो, हा त्याच्या खांद्याला खांदा घासत आत घुसतो, बचावातले दोघं अंगावर ओढून घेतो आणि अगदी शेवटी ठरवतो, शॉट मारायचा की पास सोडायचा. ह्यूस्टनमध्ये बॉल एक तर पोस्टवर, बास्केटजवळ उभ्या याओ मिंगकडे जायचा, नाहीतर संघाचा दुसरा तारा मॅकग्रेडी याच्या हातात असायचा. गार्डने बॉल आत द्यायचा, बाजूला जाऊन उभं राहायचं आणि परत आलाच तर लांबून शॉट मारायचा. उभं राहणं हे स्पानूलिसचं कामच नव्हे. शिवाय व्हॅन गंडी बचावाच्या बाबतीत कडक. नवख्याचा पाय एकदा चुकला की बदली खेळाडू उठलाच.

पण मग स्कोलाचं काय करायचं? २००७ च्या उन्हाळ्यात ह्यूस्टनने स्पानूलिसला सॅन अँटोनियो या दुसऱ्या एनबीए संघाकडे दिलं आणि त्या व्यवहारात त्यांना लुईस स्कोला मिळाला. तोही युरोपातच घडलेला, आणि पहिल्याच मोसमात तो नवोदितांच्या सर्वोत्तम संघात जाऊन बसला. म्हणजे ‘युरोपवाल्यांना तिथे न्याय मिळत नाही’ हे माझं लाडकं वाक्य त्याच क्लबने खोटं पाडलं. त्यावर मी म्हणायचो, स्कोला आला तोवर व्हॅन गंडीची हकालपट्टी झाली होती. तेही खरंच आहे. बाद फेरीत युटाकडून सातव्या सामन्यात हरल्यावर त्याला काढलं होतं. पण हे बोलताना माझा आवाज जरा जास्तच चढायचा, एवढं मलाही कळायचं.

स्पानूलिस सॅन अँटोनियोत थांबलाच नाही, ग्रीसमधल्या पानाथिनायकोस क्लबकडे परतला, आणि २०१० मध्ये तिथून ओलिंपियाकोसकडे गेला. ‘पळाला’ म्हणणारे म्हणोत. ह्यूस्टन सोडल्यावर पाच वर्षांनी, इस्तंबूलला युरोलीगच्या अंतिम सामन्यात, त्याचा ओलिंपियाकोस सेस्का मॉस्कोविरुद्ध १९ गुणांनी मागे होता. शेवटी अंतर एका गुणावर आलं. काही सेकंद उरलेले, बॉल याच्या हातात. आत घुसला, बचाव ओढून घेतला आणि स्वतः न मारता सहकारी प्रिंतेझिसला पास दिला. ०.७ सेकंद बाकी असताना बॉल जाळीत, ६२-६१. ह्यूस्टनमध्ये त्याला जे करायला कुणी दिलं नाही, ते हेच. मात्र ते करायला बॉल त्याच्याच हातात असावा लागतो आणि बाकी चौघांना ते मान्य असावं लागतं. एवढा भरवसा पहिल्या वर्षी कुठला प्रशिक्षक टाकेल?

हा प्रश्न मला पूर्वी पडत नसे. आता मी पोरांना शिकवतो. परवा एक वडील कोर्टाच्या कडेला आले. “सर, माझा मुलगा सोसायटीत सगळ्यांना नाचवतो, इथे बाकावर का?” मी म्हटलं, “परत येऊन बचाव करत नाही.” म्हटलं आणि व्हॅन गंडी आठवला.

आता स्पानूलिसही प्रशिक्षक झालाय. आधी पेरिस्तेरी हा ग्रीक क्लब, मग ग्रीसचा राष्ट्रीय संघ, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मोनाकोचा क्लब. तिथे त्याच्या हाताखाली कोण, तर माइक जेम्स, ज्याने त्याचाच युरोलीगमधला सर्वाधिक गुणांचा विक्रम मोडला होता. मे २०२५ मध्ये अबुधाबीत त्याच्या मोनाकोने युरोलीगच्या उपांत्य फेरीत खुद्द ओलिंपियाकोसला घरी पाठवलं. समोर ओलिंपियाकोसचा प्रशिक्षक बार्त्झोकास होता, स्पानूलिसला २०१३ चं विजेतेपद त्याच्याच मार्गदर्शनाखाली मिळालेलं. अंतिम फेरीत तुर्कस्तानच्या फेनरबाचेकडून ८१-७० अशी हार झाली. फेनरबाचेचा प्रशिक्षक यासिकेविचियस म्हणजे पानाथिनायकोसमधला याचा जुना जोडीदार, आणि एनबीएत त्याचाही जम बसला नव्हता. युरोपातला सगळ्यात मोठा सामना त्या दिवशी अमेरिकेतून परतलेल्या दोन गार्डांनी बाकाजवळ उभं राहून खेळवला. मित्रांनो, याला नापास म्हणायचं असेल तर म्हणा.

तरी मला खात्रीने वाटतं की आजच्या प्रशिक्षक स्पानूलिसने २४ वर्षांच्या स्पानूलिसला दहा मिनिटांच्या वर खेळवलं नसतं. मग व्हॅन गंडी बरोबर होता का? ते मी म्हणणार नाही. निदान चारचौघांत तरी नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये ग्रीसला युरोबास्केटचं, म्हणजे युरोपातल्या राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेचं, कांस्य मिळालं, फिनलंडला ९२-८९ असं हरवून. एनबीएचा दोनदा सर्वोत्तम ठरलेला, तेव्हा तिथे मिलवॉकीकडून खेळणारा यानिस अँटेटोकुंपो त्या संघात स्पानूलिसच्या सूचना ऐकत खेळला. हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मी महिनाभर वापरलं. मग एक पोरगा म्हणाला, “सर, यानिस मिलवॉकीच्या कोचचंही ऐकतोच की.” पोराचं बरोबर होतं.

तेव्हा ह्यूस्टनचं आता पुरे. अडवायचंच असेल तर २०१० चं विचारा, पानाथिनायकोस सोडून तो कट्टर वैऱ्याकडे, ओलिंपियाकोसकडे गेला, त्याबद्दल. तिथे मी त्याची बाजू घेईन असं धरून चालू नका.