आजीचा अंगठा मी का घेतला नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, नाहीतर हा विषय मी घरातही काढत नाही. गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं लग्नात, बाराव्याला, एसटीत शेजारी बसल्यावर कुणी ना कुणी विचारतंच, "त्या रात्री आजीचा अंगठा का घेतला नाहीस?" आत्याकडचे विचारतात तेव्हा त्यात आरोप असतो. काकांकडचे विचारत नाहीत, पाठीवर हात ठेवून "बरं केलंस" म्हणतात, आणि ते मला जास्त लागतं. अलीकडे आणखी एक प्रकार निघालाय. मी मोडी कागद वाचून देतो म्हणून कुठे कुठे बोलायला बोलावतात, आणि शेवटी कुणीतरी हसत हसत विचारतं, की जुनी माणसं मृत्युपत्र अगदी धुगधुगी उरेपर्यंत का लांबवायची? अडाणी होती का? लोकांना हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. मला मात्र ते एकमेकांपासून वेगळे करता आलेले नाहीत.

आधी अडाणीपणाचं. लांबवत नव्हते हो. आधीपासून लिहून ठेवावं असं त्यांच्या हातात फारसं नव्हतंच. वडिलोपार्जित जमिनीत मुलाला जन्मतःच हिस्सा. एकत्र कुटुंबातल्या माणसाला आपला वाटणी न झालेला हिस्सा मृत्युपत्राने देता येऊ लागला तो १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर. त्याआधी बाप मरताना काय सांगणार? कुणाचं देणं आहे, कुणाकडून येणं आहे, देवाचा दिवा कोण लावील, विधवा सुनेच्या भाकरीचं काय, आणि पोटी मूल नसेल तर दत्तक कोण. यातलं दत्तकाचंच घ्या. मूल होईल ही आशा असेपर्यंत दुसऱ्याचं मूल मांडीवर कोण घेईल? म्हणजे ते शेवटच्या दुखण्यातच व्हायचं. झाशीच्या गंगाधररावांनी २० नोव्हेंबर १८५३ला दत्तक घेतला आणि २१ला ते गेले. इंग्रज अधिकारी समोर बसवून सगळं यथासांग केलं होतं, पत्नीच्या हयातीत कारभार तिच्याकडे ठेवावा असं पत्रही दिलं होतं. डलहौसीने १८५४मध्ये संस्थान खालसा केलं ते केलंच. त्याच्या पाच वर्षं आधी साताऱ्याला हेच झालं होतं. आप्पासाहेब महाराजांनी प्राण जाता जाता दत्तक घेतला, तोही इंग्रजांनी मानला नाही.

आणि वेळेत केलं म्हणून काय साधतं? थोरल्या माधवरावांनी थेऊरला, मरणाआधी काही आठवडे, शुद्धीवर असताना नऊ कलमांची यादी करून ठेवली. त्यात कर्ज फेडण्याचं होतं, काशी-प्रयाग सोडवण्याचं होतं. अठ्ठाविसाव्या वर्षी मरणाऱ्या माणसाने याहून नीटनेटकं काय करायचं? ते नोव्हेंबर १७७२मध्ये गेले आणि पुढच्या ऑगस्टात धाकट्या भावाचा शनिवारवाड्यात खून झाला.

हे सगळं मी व्याख्यानात सांगतो, लोक टाळ्या वाजवतात आणि मी घरी येतो. येताना प्रत्येक वेळी वाटतं, की आपण पुन्हा इतिहासामागे लपलो.

तर ती रात्र. १९७९चा श्रावण, पाऊस लागून राहिलेला. मी एकवीस वर्षांचा, पुण्यात कायद्याच्या पहिल्या वर्षाला. वडील नोकरीवर, ते सकाळच्या गाडीने येणार होते. काका डॉक्टर आणायला सायकलवर गेलेले, ओढ्याला पाणी आल्यामुळे पलीकडेच अडकले. माजघरात आजी, उशाशी आत्या, आणि आजीनेच निरोप धाडून बोलावलेले दोघं, शेजारचे गुरुजी आणि दूधवाले तात्या. आजीने मला हाक मारली. "वकील झालास ना? मग लिही. सगळं लिही आणि माझा अंगठा घे."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ते पुढे कैक वर्षं कुणालाच सांगितलं नाही.

माझ्याकडे फुलस्केप कागद होते. शाईचं पॅड सोसायटीच्या ऑफिसातून तात्यांनी आणून दिलं. वकिली वाचत होतो ना, म्हणून सुरुवात झोकात केली: "मी खाली सही करणार, राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता..." आजी म्हणाली, "हे कुणाचं बोलणं लिहितोस?" गुरुजी हसले. मग ती सांगू लागली. वाण्याचे पैसे आधी द्या. पाटल्या दोघी सुनांना एकेक. मोहनमाळ माझ्या होणाऱ्या बायकोला (माझं लग्न पुढे नऊ वर्षांनी झालं). आणि माळाचं दीड एकर, जे तिच्या वडिलांनी तिच्या नावावर करून दिलं होतं, ते आत्याला. आत्याला नवऱ्याने टाकलेलं. पदरात एक मुलगी घेऊन ती अकरा वर्षं त्याच घरात आजीचं सगळं करत होती. आजी म्हणाली, "हिला कुणाच्या दारात उभं राहायला लागू नये."

मी लिहिलं, "माळाचे शेत, क्षेत्र दीड एकर, हे माझी मुलगी हिस..." तेवढ्यात गट नंबर लागेल असं माझ्या डोक्यात आलं. कायद्याच्या पहिल्या वर्षाचं डोकं! सातबारा कुठे आहे म्हणून विचारलं. आत्या उठून ट्रंक उघडायला गेली. उतारा काही सापडेना. आजी डोळे मिटून म्हणाली, "थांब जरा. दम लागलाय."

थांबलो. पावसाचा आवाज आणि ट्रंकेतली खुडबूड, एवढंच ऐकू येत होतं. पाच मिनिटं गेली असतील, पंधराही असतील. मग तिचा श्वास बदलला. आत्या धावत आली, तुळशीचं पान, गंगेचं पाणी, सगळं झालं. पाणी ओठांच्या कडेने खाली आलं.

गुरुजी शाळेत कधी कुणावर हात न उगारणारे, देवभोळे. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बाळ, घे अंगठा. आपण सगळ्यांनी ऐकलंय. मी सही करतो, तात्या करतील." मी पॅडचं झाकण काढलं, आजीचा डावा हात हातात घेतला. हात गरम होता. आणि मी तो खाली ठेवला.

लोकांना मी वर्षानुवर्षं सांगत आलो की ती गेलेली होती, मेलेल्या माणसाचा अंगठा घेणं ही फोर्जरी आहे. ठणकावून सांगायचो. हे उत्तर सोयीचं होतं, त्यावर कुणाला पुढे बोलता येत नसे. खरी गोष्ट अशी की ती गेली होती की नाही हे मला माहीत नाही. मनगट धरलं होतं, पण माझंच काळीज एवढं धडधडत होतं की नाडी तिची का माझी ते कळेना. काका डॉक्टरांना घेऊन आले ते उजाडल्यावर. मेल्याची वेळ कागदावर कुठेतरी पहाटेची पडली. ती आम्ही सांगितली तशी.

आत्याचे नातू म्हणतात, "मामा, मरणाऱ्याचं बोलणं कोर्ट मानतं ना?" मानतं बाबांनो, पण ते मरणाच्या कारणाबद्दल. कुणी जाळलं, कुणी विष घातलं, हे मरणाऱ्याने सांगितलेलं पुराव्यात धरतात. शेत कुणाला द्यायचं यासाठी ते चालत नाही. मृत्युपत्राला मरणाऱ्याची सही किंवा निशाणी लागते, ती डोळ्यांनी पाहिलेले किंवा त्याच्या तोंडून ऐकलेले दोन साक्षीदार लागतात. मोहिमेवरच्या सैनिकाला मात्र तोंडी मृत्युपत्राची सवलत आहे. बाजेवर पडलेल्या बाईला नाही. आणि गंमत सांगू? गंमत कसली म्हणा. मुंबई शहराबाहेर हिंदू माणसाचं तोंडी मृत्युपत्र १९२६ संपेपर्यंत चालायचं. १ जानेवारी १९२७पासून ते लेखीच हवं झालं. माझी पणजी त्याआधी गेली. तिने माजघरात चार माणसांसमोर काय सांगितलं असेल ते तसंच मृत्युपत्र ठरलं असतं, ना फुलस्केप ना पॅड. तिच्याच सुनेचं बोलणं त्याच माजघरात हवेत गेलं.

म्हणजे कायद्याने माझे हात बांधले होते, असं मी म्हणतोय असं वाटेल. मीही तसंच समजत होतो, जवळजवळ तिशीपर्यंत. मग एका कामासाठी भारतीय उत्तराधिकार कायद्याचं, मृत्युपत्र कसं करायचं ते सांगणारं कलम ६३ पुन्हा वाचलं. त्यात लिहिलंय की करणाऱ्याच्या समोर, त्याच्या सांगण्यावरून, दुसऱ्या कुणी सही केली तरी चालते. "सगळं लिही आणि माझा अंगठा घे." सांगणं याहून वेगळं असतं का? ती जिवंत असती, निदान ऐकत असती, तर... पण मग ते "थांब जरा"? त्याचा अर्थ "नको" होत नाही. "घे" असाही होत नाही. वकील मित्रांनी यावर दोन्ही बाजूंनी माझ्याशी वाद घातलाय आणि मीही दोन्ही बाजूंनी त्यांच्याशी घातलाय. एकवीस वर्षांच्या मला हे कलम तेव्हा पाठ असतं तर मी अंगठा घेतला असता का? मला वाटतं, नसता. मला भीती वाटली होती. आणि मृत्युपत्र झालं नाही तर शेतात एक हिस्सा माझ्या वडिलांचाही होता, हे मला त्या क्षणी ठाऊक होतं. त्याचा विचार करून हात खाली ठेवला असं मी म्हणणार नाही. ठाऊक होतं एवढंच कबूल करतो.

आता ज्याबद्दल कुणीच विचारत नाही ते. मृत्युपत्र नाही म्हटल्यावर वारसा कायद्याने शेताचे तीन सारखे हिस्से होत होते. वडील, काका आणि आत्या. म्हणजे अर्धा एकर आत्याचा होताच. सहा महिन्यांनी तिने हक्कसोडपत्र केलं. बहिणी करतात तसं. "भावांवरील प्रेमापोटी, कोणताही मोबदला न घेता." दुय्यम निबंधकांच्या कचेरीत तिने स्वतःच्या अक्षरात सही केली. तिच्या सातवीपर्यंतच्या शिक्षणाचं काकांनी तिथे कौतुकही केलं. साक्षीदार म्हणून खाली दोन सह्या आहेत. दुसरी माझी. तो कागद कायद्याने चोख होता. आजीचं खरं बोलणं खोट्या अंगठ्याने नोंदवायला जो मुलगा तयार झाला नाही, त्याने हे सहा महिन्यांत केलं, तेही फाउंटन पेनने, झोकात. यावर मी स्वतःला काय काय ऐकवलंय ते इथे लिहीत नाही.

तिला घराबाहेर कुणी काढलं नाही, हे खरं आहे. ती शेवटपर्यंत आमच्यातच होती. दारात उभं राहायला लागलं का? लागलं असावं. मुलीच्या लग्नाला पैसे मागायला ती काकांच्या ओसरीवर सकाळी सातपासून बसली होती हे मी पाहिलंय.

आत्या जायच्या साधारण वर्षभर आधी मीच विषय काढला. दुपारी ती पावट्याच्या शेंगा सोलत होती. म्हटलं, "आत्या, त्या रात्री मी अंगठा घ्यायला हवा होता का?" ती म्हणाली, "तू विचारलं असतंस तर मी नकोच म्हटलं असतं." मला बरं वाटावं म्हणून म्हणाली की खरंच, ते तिच्या तोंडावरून कळेना. तिच्याशी वाद घालावासा वाटला. शेत तुझं होतं, तू नको म्हणणारी कोण? पण हे कुठल्या तोंडाने म्हणणार?

शेंगा संपत आल्यावर तिनेच विचारलं, "ते पॅड कुठलं होतं रे? घरात तर नव्हतं."

सोसायटीचं, म्हटलं.

"परत दिलंस का?"

नाही. माझ्या कपाटात आहे. शाई केव्हाच वाळली.