लडिंग्टनचे तीन दिवस: मिशिगन सरोवरातील सॅल्मन आणि ट्राउट

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात माझे आतेभाऊ आणि मी, असे दोघेच, मिशिगन राज्यातील लडिंग्टन या बंदराच्या गावी सॅल्मन आणि ट्राउटच्या मासेमारीसाठी गेलो होतो. दादांची बावीस फुटी बोट मोटारीमागे जोडून आम्ही शिकागोहून दुपारी निघालो. या वाटेवर घड्याळ एक तासाने पुढे जाते, हे नव्याने जाणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावे. पहाटे साडेचारला धक्क्यावर हजर राहायचे असेल, तर तो हरवलेला तास झोपेतूनच वजा होतो. आदल्या दिवशी उजेडात पोहोचून बोट उतरवण्याचा उतार आणि बंदराच्या मुखाजवळचे दोन्ही बांध डोळ्यांखालून घालणे फार उपयोगी पडते, कारण दुसऱ्या दिवशी तेच सगळे काळोखात शोधायचे असते.

मिशिगन सरोवराची सरासरी खोली सुमारे ८५ मीटर आणि सर्वाधिक खोली २८१ मीटर आहे. लडिंग्टनच्या उत्तरेला बिग सेबल पॉइंटचे दीपगृह आहे आणि त्याच्या समोर किनाऱ्यापासून फार दूर न जाताच तळ झपाट्याने खाली जातो; म्हणूनच येथे मोठा मासा लहान बोटीच्या आवाक्यात येतो. मात्र खोलीचे हे आकडे नवख्या माणसाची दिशाभूल करतात. गळ जितका खोल तितका मासा मोठा, अशी माझीही समजूत होती. या तीन दिवसांत माझ्या पक्के ध्यानात आले, की अशा सरोवरात खोली शोधायची नसते, तापमान शोधायचे असते, आणि ते काल जेथे सापडले तेथेच आज सापडेल असे मुळीच नाही.

उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते आणि खालच्या थंड, जड पाण्यावर सायीसारखे तरंगत राहते. या दोहोंच्या मध्ये एक पातळ पट्टा असतो, ज्यात काही फुटांच्या अंतरात तापमान एकदम उतरते. त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. चिनूक सॅल्मन, ज्याला तेथे सगळे ‘किंग’ म्हणतात, तो साधारण ५० ते ५४ अंश फॅरनहाइटच्या पाण्यात रमतो. स्टीलहेड, म्हणजे सरोवरात वाढलेला रेनबो ट्राउट, त्याहून थोड्या उबदार पाण्यात वर असतो, तर लेक ट्राउट त्याहून थंड पाण्यात, बहुधा तळालगत. त्यामुळे एकाच जागी, एकाच वेळी, तीन जातींसाठी तीन वेगळ्या पातळ्यांवर गळ ठेवावे लागतात.

पहिल्या सकाळी आम्ही मुद्दामच दादांची बोट धक्क्यावर ठेवून भाड्याची चार्टर बोट घेतली, आणि पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाने हेच करावे असा माझा आग्रह आहे. सहा तासांच्या फेरीला काही शे डॉलर लागतात, शिवाय मदतनिसाला पंधरा ते वीस टक्के बक्षिसी देण्याची रीत आहे. पण त्या सहा तासांत जे पाहायला मिळते ते स्वतः चाचपडत शिकायला दोन हंगाम जातील. परवाना मात्र प्रत्येकाचा स्वतःचा लागतो, चार्टरवरसुद्धा. मिशिगनमध्ये सतरा वर्षे आणि त्यावरील प्रत्येकाला तो आवश्यक आहे. आम्ही एका दिवसाचे १० डॉलरचे परवाने घेतले. तीन दिवस राहणार असाल, तर किती दिवसांचा परवाना परवडतो याचा हिशेब घरीच करून ठेवावा.

चार्टरच्या कप्तानाने बोट चालू होताच पहिली गोष्ट केली ती तापमापक खाली सोडण्याची. गळ नंतर. ७५ फुटांवर ५२ अंश लागल्यावर त्याने डाउनरिगरचे गोळे त्या आसपास लावले. डाउनरिगर म्हणजे पोलादी तारेवर सोडलेला दहा-बारा पौंडांचा शिशाचा गोळा. गळाची दोरी त्या गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवून गोळा हव्या त्या खोलीवर नेतात आणि वरची काठी धनुष्यासारखी वाकवून ठेवतात. मासा लागला, की दोरी चिमट्यातून सुटते आणि वाकलेली काठी एकदम ताठ होते. त्या क्षणी दोरीत ढील पडलेली असते. ती माशाच्या लक्षात येण्याआधी रिळावर गुंडाळून घेणे, हेच सुरुवातीचे सर्वांत महत्त्वाचे काम. मदतनीस प्रत्येक माशामागे वहीत खोली, आमिषाचा रंग, बोटीचा वेग आणि दिशा लिहीत होता. त्या दिवशी दोन किंग, एक स्टीलहेड आणि दोन लेक ट्राउट मिळाले, आणि आम्ही ७५ हा आकडा मनात घट्ट धरून परतलो.

त्याच दुपारी वारा फिरला आणि उत्तरेकडून जोरात वाहू लागला. रात्रभर तो थांबला नाही, आणि दुसऱ्या सकाळी बंदराच्या मुखाशी लाटा बांधावरून उसळत होत्या. समुद्राच्या लाटा लांब असतात. येथील लाटा आखूड, उभ्या आणि एकीमागून एक अशा येतात की लहान बोटीला सावरायला उसंत मिळत नाही. राष्ट्रीय हवामान सेवेचा किनाऱ्यालगतच्या पाण्यासाठीचा अंदाज निघण्यापूर्वी वाचावा आणि त्यात लहान बोटींसाठी इशारा असेल, तर कितीही लांबून आलेले असलात तरी बोट पाण्यात घालू नये. म्हणूनच सहलीसाठी तीन दिवस काढावेत. त्यातला एक वाऱ्याचा, असे धरूनच चालावे.

तो दिवस आम्ही किनाऱ्यावर काढला. वाळूत हाताच्या बोटाएवढे दोन-चार रुपेरी मासे पडलेले दिसले: एलवाइफ. हा मूळचा अटलांटिकचा मासा वेलंड कालव्याच्या वाटेने वरच्या सरोवरांत शिरला आणि १९४९ मध्ये मिशिगन सरोवरात प्रथम सापडला. त्याच सुमारास सी लॅम्प्रे या रक्तशोषक परजीवीने लेक ट्राउटचा जवळजवळ नायनाट केला होता, त्यामुळे एलवाइफला खाणारे कोणी उरले नाही. १९६७ च्या उन्हाळ्यात किनाऱ्यांवर मेलेल्या एलवाइफचे ढीग साचले होते. एलवाइफच्या या बेसुमार वाढीवर उपाय त्याआधीच सुरू झाला होता. राज्याच्या मत्स्यविभागाचे तत्कालीन प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी पॅसिफिकचा सॅल्मन आणला: १९६६ मध्ये प्लॅट नदीत कोहोची पिल्ले सोडली गेली आणि पुढच्याच वर्षी चिनूकची. आज तेथे पकडला जाणारा प्रत्येक किंग त्या निर्णयाचा वारस आहे, आणि आता निम्म्याहून अधिक चिनूक तर नद्यांत आपोआप जन्मलेले असतात. शेजारच्या ह्यूरन सरोवरात एलवाइफ संपला तेव्हा त्याच्यामागोमाग चिनूकही ओसरला. वाळूतल्या त्या क्षुल्लक माशाकडे त्या दिवसापासून मी आदराने पाहतो.

संध्याकाळी वारा पडला आणि आम्ही दादांची बोट बाहेर काढली. बोटीच्या पडद्यावर पृष्ठभागाचे तापमान ५७ दाखवत होते. आदल्या दिवशी ते ७१ होते. आम्ही दोघांनीही तो आकडा पाहिला, आणि तरीही गोळे ७५ फुटांवरच सोडले, कारण तेथे काल मासे लागले होते. दीड तासात एकच लेक ट्राउट आला. तो वर येताना त्याच्या आधी पाण्यावर बुडबुडे फुटले. हा मासा हवेच्या पिशवीतली हवा तोंडावाटे सोडत वर येतो, म्हणून दिसण्यापूर्वीच ओळखू येतो. अखेर दादांनी तापमापक खाली सोडला. ७५ फुटांवर ४४ अंश! वर घेत घेत ३० फुटांवर आलो तेव्हा ५२ सापडले.

झाले होते ते असे. उत्तरेचा वारा या पूर्व किनाऱ्यावर वाहिला, की पृथ्वीच्या भ्रमणामुळे वरचे उबदार पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे खोल सरोवराच्या दिशेने, ढकलले जाते आणि त्याची जागा घ्यायला खालचे थंड पाणी किनाऱ्याशी वर येते. अख्खा पट्टा एका दिवसात चाळीस-पंचेचाळीस फूट वर सरकला होता, आणि आम्ही माशांच्या खालून गळ ओढत होतो. गोळे वर घेताच दहा मिनिटांत एक मोठा किंग लागला. त्याने पहिल्याच धावेत दोरी दुसऱ्या डाउनरिगरच्या पोलादी तारेवर नेली आणि ती घासून तुटली. मोठा मासा लागताच त्या बाजूचे गोळे वर घ्यायचे असतात; मी काठीत गुंतलो आणि ते सांगायचे राहिले. तुटलेले टोक बोटांत धरले तेव्हा ते कापसासारखे पिंजलेले होते.

तिसऱ्या पहाटे पावणेपाचला बाहेर पडलो तेव्हा दाट धुके होते. गार पाणी वर आले, की त्यावरची दमट उबदार हवा धुक्यात बदलते, म्हणून उत्तरेच्या वाऱ्यानंतरच्या पहाटे धुके गृहीतच धरावे. रडार नसेल तर उजाडेपर्यंत थांबावे. व्हीएचएफ रेडिओ सोळाव्या चॅनेलवर चालू ठेवावा, ठरलेल्या अंतराने भोंगा वाजवावा आणि जीवनरक्षक जाकीट अंगावर घालावे, बाकाखाली ठेवू नये. पन्नास-पंचावन्न अंशांच्या पाण्यात चांगल्या पोहणाऱ्याचेही हातपाय लवकर आखडतात. लडिंग्टनहून विस्कॉन्सिनला जाणारी बॅजर ही चारशे फुटांहून लांब फेरीबोट याच मुखातून ये-जा करते, तिच्या वाटेत रेंगाळू नये.

या वेळी तापमापक आधी, गळ नंतर. ८५ फूट पाण्यावर आम्ही गोळे २८ आणि ३५ फुटांवर ठेवले. पाणी अत्यंत नितळ होते, कारण क्वागा शिंपल्यांनी या सरोवरातले सूक्ष्म शेवाळ गाळून काढले आहे. अशा पाण्यात वरच्या पातळीवर मासा बोटीला बुजतो, म्हणून आमिष गोळ्यापासून ऐंशी फूट मागे सोडले. अंधारात हिरवे चकाकणारे चमचे, म्हणजे पातळ धातूची स्पून आमिषे, विजेरीच्या प्रकाशात धरून उजळून घेतली. मिशिगनमध्ये माणशी तीन दोऱ्या चालतात, पण दोघांच्या बोटीवर सहा दोऱ्या सांभाळणे कठीण आहे. आम्ही चारच लावल्या आणि त्या पुरेशा होत्या. वेग ताशी अडीच मैलांच्या आसपास राखला.

सहा वाजण्याच्या सुमारास डावीकडची काठी ताठ झाली. दादांनी लगेच दोन्ही गोळे वर घेतले आणि मला म्हणाले, “ढील देऊ नकोस, पण ओढूही नकोस. पळू दे त्याला.” रिळाच्या मोजणीत ११० फुटांचा आकडा बघता बघता २६० वर गेला. पंधरा मिनिटांनी मासा बोटीशी आला तेव्हा धुक्यातून उजेड उतरत होता. पाठीवर हिरवट-जांभळी झाक, शेपटीच्या दोन्ही पाळ्यांवर काळे ठिपके, आणि तोंड उघडले तेव्हा आतल्या हिरड्या काजळासारख्या काळ्या. हीच किंगची खूण. कोहोच्या हिरड्या दातांच्या मुळाशी फिकट असतात आणि ठिपके शेपटीच्या वरच्या पाळीवर. स्टीलहेडचे तोंड पांढरे असते. लेक ट्राउटची शेपटी खोल दुभंगलेली आणि अंगावर फिक्या रंगाचे ठिपके असतात. या खुणा पाठ असाव्यात, कारण पकडीची मर्यादा जातीनुसार ठरते आणि ती बदलत असते. त्या वर्षीचेच नियम वाचून जावे. आमचा मासा सतरा पौंडांचा भरला.

ऊन चढले तसे किंग खाली सरकले. मग फिरता फ्लॅशर, म्हणजे माशाचे लक्ष वेधणारी चकाकती पट्टी, आणि त्यामागे केसाळ कृत्रिम माशी लावून आम्ही ५० फुटांवर गेलो आणि आणखी दोन मिळवले; एक स्टीलहेड मात्र नारिंगी चमच्यावर वरच लागला. ऑगस्टमध्ये दोरीवर ओल्या कापसासारखे गोळे जमतात. ते काटेरी पाणपिसू आहेत. काठीच्या टोकाच्या कडीत ते अडकले, की रीळ फिरतच नाही, म्हणून ते बोटांनी सतत निपटून काढावेत आणि दोरी जाड, तीस पौंडांची वापरावी. आणखी एक सांगावेसे वाटते: पृष्ठभाग तापलेला असताना खोलवरून आणलेला मासा परत सोडला तरी तो जगेलच असे नाही. म्हणून हवे तेवढे मासे झाले, की गळ आवरावेत. आम्ही साडेनऊलाच थांबलो.

मासा मारताच कल्ल्यांजवळची शीर कापून रक्त जाऊ द्यावे आणि तो बर्फात ठेवावा. चवीतला फरक घरी गेल्यावर कळतो. साफ करताना त्या मोठ्या किंगच्या पोटातून पाच एलवाइफ निघाले, पाचही एकाच मापाचे. एका माशाची गाभोळी घट्ट आणि पूर्ण भरलेली होती. महिनाभरात तो नदीकडे वळला असता. या माशांच्या चरबीत पीसीबी हे घातक रसायन साठते, त्यामुळे कातडी, पाठीवरची आणि पोटाकडची चरबी कापून टाकावी, आणि कोणता मासा महिन्यातून किती वेळा खावा याविषयी राज्याच्या आरोग्य विभागाने दिलेला सल्ला पाळावा, विशेषतः घरात मुले किंवा गरोदर स्त्री असेल तर.

माशाच्या पाठीवर, शेपटीजवळ, एक लहान मांसल पर असतो. तो कापलेला दिसला, तर मासा पैदासकेंद्रातला आहे आणि बहुधा त्याच्या नाकाडात केसाएवढ्या तारेची सांकेतिक खूण आहे, असे समजावे. आमच्या एका किंगला तो पर नव्हता. दादांनी त्याचे डोके कापून पिशवीत घातले, पकडल्याची जागा, तारीख, लांबी आणि वजन चिठ्ठीवर लिहिले, आणि परतीच्या वाटेवर ती पिशवी अशी डोकी गोळा करण्यासाठी ठेवलेल्या शीतपेटीत टाकूनच आम्ही गाव सोडले.