यूलच्या रात्री दिलेला शब्द

1 डिसेंबर, रेक्याविक

1918 मध्ये आजच्याच तारखेला आइसलँड सार्वभौम झालं. राजा डेन्मार्कचाच राहिला, पण देश इथल्या लोकांचा झाला. आम्हा आसात्रू, म्हणजे जुन्या नॉर्स देवांना मानणार्‍या मंडळींकडे आज भूमीच्या रक्षकांचं ब्लोत असतं. अर्पण करायचं, त्यांच्या नावानं पेला फिरवायचा आणि मग पोटभर एकत्र जेवायचं. रक्षक चार आहेत. पूर्वेला ड्रॅगन, उत्तरेला महाकाय गरुड, पश्चिमेला बैल आणि दक्षिणेला हातात दंड घेतलेला डोंगरपुरुष. देशाच्या राजमुद्रेवर हेच चौघे आहेत आणि खिशातल्या नाण्यांवरही. दुकानात सुटे मोजताना ते दिसले की मला बरं वाटतं.

वृद्धाश्रमात माझी दुपारपाळी होती, त्यामुळे ब्लोतला जाता आलं नाही. रात्री घरी आल्यावर मागच्या बर्चच्या बुंध्याशी वाटीभर दूध ओतलं. गोठलेल्या बर्फावर दूध पडलं की आधी जरासा खळगा होतो, मग कडेनं पिवळसर पापुद्रा धरायला लागतो. तो धरेपर्यंत मी उभी राहते. मंत्र असा काही नाही. चौघांची नावं घेते, इथे राहू देताय म्हणून आभार मानते आणि आत येते.

या रक्षकांबद्दल एक जुना कायदा सांगतात, ख्रिस्ती धर्म येण्याआधीचा. किनारा दिसू लागला की जहाजाच्या टोकाचं ड्रॅगनचं डोकं उतरवून ठेवायचं. जबडा वासलेलं तोंड बघून भूमीतले रक्षक बिचकू नयेत म्हणून. परक्या जमिनीवर पाय ठेवताना कसं वागावं, हे मला या एका नियमानं शिकवलं. मी इथे बाहेरून आले आहे. ज्यांची भूमी आहे त्यांना आधी नमस्कार, बाकीचं नंतर.

आईचा सातार्‍याहून फोन होता. तिला हे सगळं माहीत आहे, मी काहीच लपवलेलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "दूध साय काढलेलं देतेस की तसंच?" तसंच देते म्हटल्यावर तिचं समाधान झालं.

गुरुवार

गुरुवार थॉरचा, मेघगर्जनेच्या देवाचा. सुट्टी मिळाली की राष्ट्रीय संग्रहालयात जाऊन त्याला बघून येते. एयरारलांड नावाच्या शेतावर, उत्तरेकडे आकुरेरीजवळ, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सापडलेली ही काशाची मूर्ती साधारण इसवी सन 1000 च्या आसपासची आहे. उंची जेमतेम बोटाएवढी. आपल्या देवघरातल्या टाकासारखी, मुठीत मावेल अशी. डोक्यावर निमुळती टोपी, डोळे वटारलेले. दोन्ही हातांनी मांडीवरची वस्तू अशी घट्ट धरली आहे की दाढीच खाली वाहत जाऊन त्या वस्तूत मिसळली आहे. ती वस्तू हातोडा आहे, असं बहुतेक मानतात. काही अभ्यासक म्हणतात की हा थॉर नसेलच, खेळातली सोंगटी असेल. असेल. मी काचेसमोर उभी राहते ती त्या पकडीसाठी. इतक्या लहान देहात एवढा जोर कसा भरला असेल करणार्‍यानं!

ही मूर्ती घडली त्याच सुमाराला इथल्या सभेनं, आल्थिंगनं, ख्रिस्ती धर्म स्वीकारला. निवाडा द्यायचं काम होतं थोरगेर नावाच्या जुन्या धर्माच्या सरदाराकडे. तो म्हणे एक दिवस आणि एक रात्र अंगावर पांघरूण ओढून पडून राहिला, मग उठून म्हणाला की सगळ्यांचा कायदा एक आणि धर्म एक असावा. पण त्यात सूट होती. घरात, कुणाला न दिसता, जुन्या देवांना अर्पण केलं तर चालेल. साक्षीदार उभा राहिला तर शिक्षा. काही वर्षांत ती सूटही गेली. म्हणजे सर्वांत शेवटी विझली ती घरातली पूजा. माझी पूजाही घरातलीच, म्हणून हा तपशील मला फार जवळचा वाटतो.

रविवार

कामावरची एक तरुण मुलगी विचारत होती, तुम्ही हे खरं मानता का? आमचे प्रमुख गोधी, म्हणजे पुरोहित, हिल्मर ऑर्न हिल्मार्सन यांनी जाहीरपणे सांगितलं आहे की आठ पायांच्या घोड्यावर बसलेला एक डोळ्याचा माणूस खरोखर आहे, असं कुणी मानत नाही. या कथा म्हणजे काव्यात्म रूपकं आहेत. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, पण माझं तसं नाही. काचेपलीकडे वारा घोंगावतो आणि रात्र एकोणीस-वीस तासांची होते, तेव्हा ओदिन, तोच एक डोळ्याचा घोडेस्वार देव, माझ्यासाठी रूपक राहत नाही. तो असतो. कसा असतो, हे सांगता येणार नाही. आमच्यात दोघांनाही जागा आहे, कारण इथे श्रद्धेची कलमं कुणी वाचून दाखवत नाही. ब्लोतला येता का, शब्द पाळता का, हे बघतात.

आम्हा आसात्रू मंडळींची ही संस्था 1972 च्या उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी सुरू झाली. स्वेनब्योर्न बेंटेन्सन हे मेंढ्या पाळणारे शेतकरी आणि जुन्या वृत्तांत रचणारे कवी, तेच पहिले प्रमुख. मान्यतेसाठी ते मंत्र्यांना भेटून आले आणि लगेच रेक्याविकवर वीज कडाडून शहराचे दिवे गेले, ही गोष्ट आजही मंडळी चवीनं सांगतात. 1973 मध्ये मान्यता मिळाली. आज चार लाखांच्या आतल्या या देशात पाच हजारांहून जास्त सदस्य आहेत.

एक गोष्ट लिहून ठेवायलाच हवी. युरोप-अमेरिकेत काही लोक रून अक्षरं आणि थॉरचा हातोडा वंशद्वेषासाठी वापरतात. त्याचा मला संताप येतो. माझ्या रंगाच्या बाईनं गळ्यात हातोडा घातला की ट्रेनमध्ये, विमानतळावर कुणीतरी दोनदा बघतं. इथल्या संस्थेनं असल्या लोकांना कधीच जवळ केलं नाही. समलिंगी विवाहांच्या बाजूनं उभं राहिल्याबद्दल बाहेरदेशातून द्वेषाची पत्रं आली, तरी भूमिका बदलली नाही. त्या भरवशावरच मी इथे आले. तो नसता तर दुधाची वाटी घरातच राहिली असती.

19 डिसेंबर

परवा यूलचं, म्हणजे हिवाळ्यातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या सणाचं ब्लोत. या रात्री शब्द द्यायची जुनी रीत आहे. पूर्वी फ्रेयर या समृद्धीच्या देवासाठी पोसलेला रानडुक्कर दरबारात आणत, त्याच्या राठ केसांवर हात ठेवून आणि पेला उचलून माणूस सर्वांसमोर म्हणे, मी अमुक करीन. आता डुक्कर आणत नाहीत आणि प्राण्याचा बळीही देत नाहीत. शब्द मात्र अजून देतात.

मी नवसाच्या घरात वाढले. मला नोकरी लागावी म्हणून आईनं मांढरदेवीला नवस केला होता आणि लागल्यावर अनवाणी डोंगर चढून फेडला. त्या चढणीत तिचं प्रेम होतं, त्याला मी कमी लेखणार नाही. पण नवसात आधी देवानं करायचं, मग आपण. यूलच्या शब्दात देवाकडे काहीच मागायचं नाही. ते साक्षीला, करणारी मी.

बाबा गेले त्या पावसाळ्यात मला सौदा करायची फार ओढ लागली होती. हवं ते घ्या, पण त्यांना ठेवा. तेव्हा रात्री उशिरा हावामाल या जुन्या नॉर्स काव्यातलं ते कडवं पुन्हा वाचलं होतं, ज्यात सांगितलंय की अती अर्पण करण्यापेक्षा न मागितलेलं बरं, कारण प्रत्येक भेट परतफेडीकडे डोळे लावून असते. ओदिनच्या तोंडी हे शब्द आहेत, म्हणजे देवच सांगतोय की मला लाच देऊ नकोस. मी त्या रात्री नेहमीचीच वाटी ओतली, मोठी नाही. बाबा गेले. देवांवर राग धरायला जागा उरली नाही, कारण आमच्यात व्यवहार ठरलाच नव्हता.

शब्द देताना भीतीही असावी. एड्डा या जुन्या नॉर्स काव्यसंग्रहातल्या एका काव्यात हेदिन नावाचा राजपुत्र यूलच्या रात्री पेल्याच्या भरात आपल्याच भावाची प्रिया मिळवण्याचा शब्द देऊन बसतो. शुद्धीवर येतो तेव्हा पश्चात्तापानं रानोमाळ भटकतो, पण शब्द मागे घेता येत नाही. म्हणून मी आठवडाभर विचार करतेय.

21 डिसेंबर

आज सूर्य अकरा वीसनंतर उगवला आणि साडेतीनला मावळला. संध्याकाळी ऑस्क्युहलीदच्या टेकडीवर गेलो. इथेच 2015 च्या मार्चमध्ये, सूर्यग्रहणाच्या सकाळी, आमच्या मंदिराच्या जागेची पूजा झाली होती. बुटांना बर्फावरचे खिळे लावले होते तरी पाय सरकत होता. मशाली, धूर, पोरांचा गलबला. गोधींनी जागा पवित्र केली, एड्डातली कडवी म्हटली आणि शिंगाचा पेला फिरू लागला.

पहिली फेरी देवांची, मग पूर्वजांची. माझी पाळी आली तेव्हा मी बाबांचं नाव घेतलं आणि मराठीतच बोलले: ते शेतात जाताना बांधाला हात लावून मग आत पाय टाकायचे. कुणाला कळलं नाही, पण शेजारच्या आजोबांनी मान डोलावली आणि बाबांचं नाव, जसं जमलं तसं, उच्चारून पेला पुढे दिला.

मग शब्द. मी म्हटलं, पुढच्या यूलपर्यंत वोलुस्पा मुळातून तोंडपाठ करीन आणि इथे उभी राहून म्हणेन. सृष्टीच्या जन्मापासून तिच्या नाशापर्यंत आणि समुद्रातून पुन्हा हिरवी भूमी वर येईपर्यंत सांगणारी ती साठाहून अधिक कडवी. स्वेनब्योर्न ही काव्यं जुन्या चालीवर म्हणत, त्यांचं ध्वनिमुद्रण 1982 मध्ये निघालं. तेच ऐकून शिकायचं ठरवलंय.

27 डिसेंबर

पहिली दोन कडवी बसली. तिसर्‍यात ओळीतल्या जोरकस शब्दांची आद्याक्षरं एकमेकांना धरून असतात, हे कानाला कळलं आणि पाठांतर सोपं झालं. एक अक्षर सापडलं की पुढचं आपोआप येतं. वृद्धाश्रमात एक आजी आहेत, नव्वदीच्या पुढच्या आणि पक्क्या चर्चला जाणार्‍या. त्यांना चहा देताना मी पुटपुटत होते, तर त्यांनी हात धरून उच्चार सुधारला. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं त्यांना खपत नाही. शाळेत त्यांनी हे पाठ केलं होतं. उद्या तिसरं आणि चौथं म्हणून दाखवायचं आहे, त्यांनी पावणेतीनची वेळ दिली आहे.